गिरजाबाईची सही

"न्हाई करायची मी सही. एक दिस तरी झाडू धरला का त्यानं?" गिरजाबाईनं वही मिटली.

"झाडू कुनीबी धरतंय, गिरजाबाई. कॉम्प्युटर कोन धरनार?" सरपंच दौलतराव म्हणाले. "मंडळानं गावाची सेवा करायला सांगितली, ती करतोय की त्यो."

सेवा तर विक्की करतच होता, पंख्याखाली बसून. तळवड्याच्या एका कामगार बाईच्या फोटोला भलतंच उघडं अंग जोडून, 'पैसे टाक, न्हाईतर नवऱ्याला पाठवतो' म्हणत त्यानं तिला महिनाभर जाळली होती. तेव्हा त्याला अठरा पुरी व्हायला चार महिने बाकी, म्हणून बाल न्याय मंडळानं साठ दिवस गावाची गटारं काढायला धाडलं. देखरेख सफाईवाल्या गिरजाबाईची, वहीत रोजची सही तिची. आज दुपारी मंडळाच्या मॅडम वही बघायला येणार होत्या आणि अकरा दिवसांचे रकाने कोरे होते.

चाकणजवळच्या या गावाची घाण गिरजाबाई वीस वर्षं उपसत आलेली. कंपन्या आल्या, जमिनी गेल्या, दारोदार गाड्या उभ्या राहिल्या. गटार तेवढं आपल्या जुन्या वळणाला धरून राहिलं. बाई अजून रोजंदारीवर. चौथी शिकलेल्या तिच्या सहीला जन्मात पहिल्यांदा किंमत आली, तर तिनं ती लगेच महाग करून ठेवली.

गावाचंही खरंच. ग्रामपंचायतीचा ऑपरेटर कंपनीत पळालेला, बायकांच्या सरकारी हप्त्याची केवायसी तुंबलेली. अशात फोनातलं सगळं कळणारा गडी फुकटात आला. एवढा हुशार माणूस गटारात घालायला गाव काय येडं होतं? बसवला खुर्चीत. कोल्ह्याला खुराड्याची किल्ली दिली आणि वर कोंबड्याच रांग लावून उभ्या. बायका लॉक काढून फोन त्याच्या हाती द्यायच्या आणि विचारायच्या, "दादा, च्या आणू का?"

"रोजंदारीवर हायस तू, इसरू नगंस," दौलतरावांनी आवाज खाली आणला.

"न्हाई इसरले. माझ्या सुनंला म्या घरी थांबवलीय. तुमची सुप्रिया कुटंय?"

दौलतरावांनी ग्रामपंचायतीच्या दारातून आत बघितलं. धाकटी सून सुप्रिया टेबलापाशी उभी, तिचा फोन विक्कीच्या हातात, आणि गडी बोटानं फोटोमागून फोटो सरकवतोय.

"ओटीपी हुडकतोय, वैनी."

सकाळपासून कॉम्प्युटरचं कौतुक सांगणारे सरपंच तीन ढांगांत टेबलाशी पोचले. फोन ओढून घेतला.

"ऊठ. फावडं घे."

"काका, पर केवायसी..."

"गिरजाबाई दावतील तुला केवायसी."

रांगेतल्या बायकांना मात्र राग आला तो गिरजाबाईचाच. "म्हातारीनं हप्ता अडवला आमचा," एक म्हणाली. "लई सहीवाली झालीय." तळवड्याच्या बाईचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं, मग तिची आठवण निघायचं कारणच काय?

गिरजाबाईनं अकरा रकान्यांत गैरहजेरीच्या आडव्या रेघा ओढल्या. बारावा मोकळा ठेवला.

"आजची तरी कर," दौलतराव म्हणाले. रोजंदारीचं पुन्हा बोलले नाहीत; बोलणार नाहीत असंही नाही.

"सांच्याला. गटार बघून."

वही कमरेला खोचून तिनं विक्कीला वडापावच्या गाडीमागचं तुंबलेलं तोंड दाखवलं. "हितनं सुरू कर. फावडं पोचत न्हाई तितं हात घाल."

आणि घमेलं ओढून ती दोन हात पुढं वाकली.