साहेबांसाठी उसनी रोपं

आमची थोरली वैनी, चांगुणा. हिला एकच खोड: पाहुणा येणार म्हटलं की घरातलं दारिद्र्य आधी झाकायचं. साखर संपलेली असली तर शेजारून आणेल, पण पाहुण्याला दोनदा चहा पाजेल. पाहुणा म्हणतो, "बरं चाललंय की तुमचं!" आणि ही खूश.

वैरागच्या अलीकडं, रस्त्याला लागून तिची रोपांची नर्सरी. उभी हयात दुसऱ्याच्या रानात खुरपलं, तेव्हा कुठं ही शेडनेटची सावली स्वतःची झाली. आणि नेमका कोरोना आला. मिरची-वांग्याची रोपं लावणीला आलेली, गिऱ्हाईक घरात कोंडलेलं. रोप काय थांबतंय व्हय? ट्रेतच जून झालं, वाळलं, मेलं. तरी वैनीचं पाणी घालणं चालूच! लई राग यायचा मला.

सरकारनं अशा नर्सऱ्यांना मदत जाहीर केली, तेव्हा अर्ज मीच भरला. मदत मिळाली तर नवं बी. नाही मिळाली तर वैनीच्या हातात पुन्हा खुरपं आणि दुसऱ्याचा बांध. कृषी खात्याचे साहेब येऊन नुकसान बघणार होते. "कायबी हलवू नका," असं बजावून मी त्यांना आणायला आदल्या दिवशीच रिक्षा घेऊन सोलापूरला गेलो, तिथंच घात झाला.

सकाळी साहेबांना घेऊन येतो, तर दारात सडा. वाळके ट्रे उकिरड्यावर. आणि शेडनेटखाली मिरच्या अशा तरारलेल्या, की आमदाराच्या मळ्यात नसतील! लॉकडाऊन उठल्यावर शेजारच्या बिरप्पानं नव्यानं बी टाकलं होतं. त्याचे ट्रे हिनं उसने आणलेले.

साहेबांनी नाकाखालचा मास्क वर घेतला. "वा! फारच छान. पण यात नुकसान कुठंय?"

वैनी लाजून हसली. हसली! मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. तिला बाजूला घेतलं.

"वैनी, ह्ये काय केलंत?"

"अवो भावजी, एवढा मोठा माणूस पैल्यांदा दारात येणार, आन् त्येला मढी दाखवायची व्हय?"

"मढ्याचेच पैसे मिळणार हायत की! बसा आता खुरपं घासत!"

तिचं हसू विरलं. बोललो आणि माझं मलाच वाईट वाटलं. साहेब रिक्षाकडं निघाले होते.

"सायेब, थांबा," वैनीनं हाक मारली. "ह्यातलं एकबी रोप माझं न्हाय."

पदर खोचून वैनी एकेक ट्रे बाहेर नेऊ लागली. मी हात लावायला गेलो, तर खेकसली. शेडनेटखाली नुसती माती उरली. मग उकिरड्यावरचे वाळके ट्रे आणून तिनं साहेबांपुढं मांडले, पाहुण्यापुढं ताट मांडावं तसे. डोळ्यांना धार लागली होती. वैनीला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

साहेब मोबाईल हातात धरून घुटमळले. "मावशी, फोटो नंतर घेऊ का?"

"आत्ताच घ्या," ती नाक पुसत म्हणाली. "पर लवकर उरका. बिरप्पाची रोपं उन्हात पडल्यात."

मदत मंजूर झाली. नव्या बियांचे ट्रे भरले, त्या दिवशी वैनीनं साहेबांना चहाला बोलावलं. साखर बिरप्पाकडूनच आली.