अर्बाब मागच्या सीटवर

म्हातारा घरून हेल्मेट घालूनच आला, तेव्हा जनार्दन शेवटच्या क्वाडच्या चाकात हवा भरत होता. अंगात पायघोळ पांढरा दिशदाशा, हातात काठी, आणि डोक्याला नेहमी गुंडाळलेल्या मसरच्या जागी लाल हेल्मेट. पट्टा हनुवटीखाली करकचून आवळलेला. वाटेत बकऱ्यासुद्धा चरायच्या थांबल्या असतील.

"यल्ला, जनारदन," अहमद म्हणाला. "आज मैं पीछे बैठेगा."

जनार्दनने मान वर केली नाही. मालकाला तो इथल्यासारखं अर्बाबच म्हणायचा. "अर्बाब, मुआज मेरा खाल निकालेगा."

"मुआज इब्री गया. जुहर की नमाज से पहले नहीं आता."

मुआज इब्रीला गेलाय हे जनार्दनला ठाऊक होतं. जाताना तो काय बजावून गेला तेही ठाऊक होतं. म्हाताऱ्याच्या खुब्याचं हाड मोडून सांधा बदलला त्याला वर्ष होत आलं होतं, आणि डॉक्टरने खडबडीत वाटेवरून धक्के खायला सक्त मनाई केली होती. मुआज सरळ म्हणाला होता, "बाबा क्वाडवर दिसले, तर पुढची गाडी तुझी नाही. मग गॅरेजात बसायचं, पाने-पक्कड घेऊन." मुआज पोरगा वाईट नव्हे. बापाची काळजी त्याला होती, आणि काळजी करणारा माणूस शब्दाला पक्का असतो, हीच तर पंचाईत.

पुढची गाडी म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. क्वाड म्हणजे चार जाड्या चाकांची बाईक, रेतीतून आणि धोंड्यांतून रेड्यासारखी जाते. सकाळी पर्यटक घेऊन निघायचं, वादीच्या कोरड्या पात्रातून मिश्त डोंगराच्या पायथ्याशी जायचं, पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी दाखवायची आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत परत. अर्ध्या दिवसाची फेरी. पुढे असतो तो वाट काढतो, मागचे त्याच्या चाकोरीतून येतात. जनार्दनने अर्धं आयुष्य ह्या पुढच्या गाडीवर काढलं. ॲक्सिलरेटर दाबून दाबून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा जाड आणि आखूड झाला होता, पेटीतल्या आंब्याच्या कोयीसारखा कडक. गावी गेला की जयवंती, त्याची बायको, तो अंगठा हातात घेऊन म्हणायची, "ह्यो तुझो अंगठो नाय, ह्यो त्या म्हाताऱ्याचो. त्याच्याबरोबरच लगीन करूक होया होतास."

ती काही अगदीच खोटं बोलत नव्हती.

जनार्दन देवगडकडच्या खाडीकाठचा. मस्कतला आला तो एका गॅरेजात मेकॅनिक म्हणून. तिथे एक दिवस अहमद पिकअप घेऊन आला, मागे ताडपत्रीखाली मोडक्या दोन क्वाड. कुणा गोऱ्या साहेबाने देश सोडताना टाकून दिलेल्या. जनार्दनने त्या उघडल्या, आतली वाळूच पहिल्यांदा पाटीभर निघाली. एकीचे अवयव दुसरीला लावून दोन्ही चालू केल्या, तेव्हा अहमद म्हणाला, चल माझ्याबरोबर गावाकडे, ह्यांच्यावर लोक फिरवू. बायकोला न विचारता जनार्दन हो म्हणाला. पुढची कित्येक वर्षं ह्यावरून तिचं बोलणं त्याने ऐकून घेतलं.

सुरुवातीला वाट दोघांनाही माहीत नव्हती. अहमदला उंटाची वाट माहीत होती, पण उंट जातो तिथे क्वाड जात नाही. तो म्हणे डावीकडे, हा म्हणे उजवीकडे, आणि दोघेही भसभशीत रेतीत रुतून बसायचे. मग डबाबंद ट्यूना नि खजूर खात एकमेकांचा उद्धार. अहमद अरबीतून, जनार्दन मालवणीतून. शिव्या कळत नसल्या की भांडण लवकर मिटतं, हे जनार्दन तिथे शिकला.

थडगी पहिल्यांदा बघितली तेव्हा तो गाडीवरून उतरून नुसताच उभा राहिला होता. डोंगराच्या सोंडेवर, ओळीने, मधाच्या पोळ्यासारखी गोल. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड नुसता बसवलेला. आमच्याकडे गडगा घालतात तसा. जनार्दनचा बाप गडगे घालायचा, चिऱ्याला चिरा असा भिडवायचा की मधून सरडा जाईना. पोराने कितीदा दगड धरून दिले होते. "अर्बाब," तो म्हणाला होता, "ये बनाने वाला हमारे गाव का होगा." अहमद ते पुढे प्रत्येक पर्यटकाला सांगू लागला, अगदी गंभीर तोंडाने. एका जर्मन बाईने ते लिहूनही घेतलं.

"क्या सोचता है?" हेल्मेटातून अहमदचा आवाज आला. "मेरे को घर में बकरी का माफिक बांध के रखा. खाना दो, पानी दो, धूप में मत जाओ. खलास."

जनार्दनने पंप काढला. तेवढ्यात मस्कतजवळच्या अल खौदहून आलेली गाडी आवारात शिरली आणि एक जोडपं उतरलं. स्वरूप पुण्याचा, तिथल्या विद्यापीठात नोकरीला. बायको पूर्वा. आजच्या फेरीचे पाहुणे एवढेच. स्वरूपने जुनी संस्कृती, उत्खनन वगैरे वाचून आणलं होतं आणि ते पूर्वाला वाटभर ऐकवून झालं असावं, कारण ती गाडीतून उतरताच उलट्या दिशेला चालू लागली.

जनार्दन मोबाइलवर जयवंतीला सांगत होता, "ह्यो म्हातारो हेल्मेट घालून इलोहा गो. आता काय करू?"

"बसव त्याका," पलीकडून आवाज आला. "मेलो तर रडशीत, नाय नेलंस तरी रडशीत."

पूर्वा गर्रकन वळली. "काका, खंयचे तुमी?"

"देवगडकडलो. तुमी?"

"कुडाळ." ती हसत सुटली. "मी तीन वर्षां हय आसंय, पण इतक्या मोठ्या आवाजातली मालवणी आज आयकतंय."

"फोन स्वस्तातलो आसा," जनार्दन म्हणाला. "मोठ्यान बोलूचा लागता."

ह्या हसण्या-बोलण्यात अहमद पुढच्या क्वाडच्या मागच्या सीटवर चढून बसलाही होता. कसा चढला देव जाणे. दिशदाशा गुडघ्यापर्यंत खोचलेला, काठी मांडीवर आडवी. आता त्याला उतरवायचं तर पाहुण्यांदेखत ओढून काढावं लागलं असतं. जनार्दनने आपलं हेल्मेट डोक्यावर घातलं.

"वादी तक," तो म्हणाला. "फिर वापस."

"इन्शाल्ला," अहमद म्हणाला. म्हणजे नाही.

वादीच्या तोंडाशी जनार्दनने इंजिन बंद केलं. मागची दोघं आपापल्या क्वाडवर थांबली. इथे थांबायचा त्याचा शिरस्ता होता. त्याने हेल्मेट काढलं, डोंगराकडे तोंड केलं आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या जागेच्या राखणदारा. तू कोण, खंयचो, आमका ठावक नाय. आज ही लेकरां तुझ्या वाटेन येतत."

"इन्शाल्ला," मागून अहमद.

"त्यांची गाडी उलटी पडाक देव नको. कोणाचो हात-पाय मोडाक देव नको."

"इन्शाल्ला."

आणि दोन गाड्या मागून, बाईच्या खणखणीत आवाजात, "व्हय म्हाराजा!"

जनार्दन अडखळला. गाऱ्हाणं एकट्याने घालायचं नसतं. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा, नाहीतर देवाला वाटतं हा एकटाच बरळतोय. पहिल्या वर्षी त्याला होकार भरणारा कोणी नव्हता. अहमदने विचारलं, काय म्हणतोस? जनार्दनने सांगितलं, सगळे सुखरूप परत यावेत म्हणतो. मग ह्यात वाईट काय, असं म्हणून अहमद दरवेळी थांबेल तिथे इन्शाल्ला म्हणू लागला. अल्लाची मर्जी असेल तर. देवगडच्या राखणदाराला अरबी होकार चालतो की नाही, हे विचारायला कोण जाणार, पण इतक्या वर्षांत एक क्वाड उलटली नव्हती. अहमदचं हाड मोडल्यापासून मात्र जनार्दन एकटाच पुटपुटायचा, आणि पुटपुटून झालं की उगाच आरशात मागे बघायचा.

"काय चुकला-माकला असात तर पोटात घे," त्याने पुढे म्हटलं, "आणि सगळ्यांका सुखरूप परत धाड रे म्हाराजा."

"इन्शाल्ला," आणि "व्हय म्हाराजा," दोन्ही एकदम आले. स्वरूपने बायकोकडे असं बघितलं, जसं काही ती अचानक चिनी बोलू लागली होती.

वादीवरून परत फिरायचं राहूनच गेलं. कोण बोलणार होतं?

सोंडेखाली बोराच्या झाडापाशी गाड्या थांबतात. पुढे चढ चालत. अहमदला सावलीत दगडावर बसवून, हातात पाण्याची बाटली देऊन जनार्दन पाहुण्यांना वर घेऊन गेला. समोर मिश्त डोंगर, फणीसारखा. मिश्त म्हणजे फणीच. स्वरूप फोटो काढत होता. जनार्दन नेहमीचं सांगायला लागला, कुणाची थडगी, किती जुनी, दारं कुठे तोंड करून आहेत, आणि सांगता सांगता त्याची नजर खाली गेली.

सावलीत बाटली होती. म्हातारा नव्हता.

म्हातारा चढाच्या मध्यावर होता. काठी एकीकडे, चप्पल दुसरीकडे, आणि स्वतः एका धोंड्याला धरून अर्धा बसलेला, अर्धा उभा. जनार्दन घसरत खाली धावला.

"क्या करता है तू?"

"पैर बंद हो गया," अहमद शांतपणे म्हणाला. "ऊपर भी नहीं, नीचे भी नहीं."

त्याच्या कपाळावर घामाचे टपोरे थेंब होते. जनार्दनने खुब्याला हात लावला तसा म्हाताऱ्याने श्वास आत ओढला. मागून स्वरूप आणि पूर्वा येऊन ठेपले. स्वरूप घाबरला होता, पण डोकं ठिकाणावर होतं.

"काका, आपण दोघं हातांची बैठक करू. खाली जाऊ, तिथून गाडी मागवता येईल. फोनला रेंज आहे."

बरोबरच होतं. खाली गेलं असतं तर म्हातारा तासाभरात घरी, आणि मुआजला सांगायचं ते सांगता आलं असतं. वादीत भेटला, पाय मुरगळला, काहीही. जनार्दनने अहमदच्या काखेत हात घातला. अहमदने त्याच्याकडे बघितलं नाही. तो वर बघत होता. विनवणी ह्या माणसाला जन्मात येत नव्हती. नुसता वर बघत होता, हेल्मेट एका कानावर कललेलं.

"वर घेऊन जाऊया," जनार्दन म्हणाला.

"काका, अहो—"

"वर. तिकडना धर. पूर्वाबाय, काठी घी गो."

चार-चार पावलांवर थांबत त्यांनी त्याला वर नेलं. वजन काही फार नव्हतं. पूर्वीचा अहमद रुतलेली क्वाड एकट्याने उचलायचा, हा आता खारवून वाळवलेल्या मोरी माशाइतका हलका. पहिल्या थडग्याच्या भिंतीला पाठ टेकवून त्याला बसवलं. त्याने हेल्मेट काढलं, डोकं दगडाला लावलं आणि बराच वेळ समोर खोऱ्यात बघत राहिला. वारा होता. पूर्वाने पाणी दिलं.

मग तो म्हणाला, "वो पहला दिन रास्ता तू भूला था."

"मैं नहीं. तू बोला डावा."

"मैं उजवा बोला."

"झूठ मत बोल, अर्बाब, ऐसी जगह बैठ के."

अहमद खुदकन हसला आणि पाय दुखला म्हणून लगेच थांबला. वाद काही मिटला नाही. पूर्वाने मध्ये तोंड घालून विचारलं, मग शेवटी पोचलात कसे? दोघांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या.

उतरायला चढण्याच्या दुप्पट वेळ लागला. शेवटच्या वळणावर बोराच्या झाडाखाली मुआजची जीप दिसली. इब्रीहून तो लवकर परतला होता, आणि घरात बाप नाही म्हटल्यावर कुठे शोधायचं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो स्वतः बोनेटला टेकून उभा होता. पाहुण्यांच्या देखत तो ओरडला नाही. पुढे येऊन त्याने बापाला स्वरूपच्या हातातून आपल्या हातात घेतलं, जीपमध्ये आडवं बसवलं, पायाखाली उशी दिली. बापलेकांचं अरबीत काहीतरी खालच्या आवाजात झालं. मग तो जनार्दनसमोर येऊन उभा राहिला आणि हात पुढे केला.

जनार्दनने क्वाडची किल्ली त्याच्या तळव्यावर ठेवली. वाद घालण्यासारखं काही नव्हतं. सांगून ठेवलं होतं आणि ऐकलं नव्हतं.

"कल से गॅरेज," मुआज म्हणाला.

"ठीक."

जीपमधून अहमद हिंदीतच बोलला, सगळ्यांना कळावं म्हणून. "मेहमान खड़ा है. टूर आधा हुआ. आगे कौन जाएगा, तू?"

मुआजने वडिलांकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे. स्वरूप चपलेतली वाळू झटकत होता. पूर्वा मात्र सरळ मुआजच्या डोळ्यांत बघत उभी होती, तिच्याच बापाच्या हातून कोणी किल्ली काढून घेतल्यासारखी. मुआजने किल्ली परत दिली.

"आज का आज," तो म्हणाला आणि जीपमध्ये बसला.

जीप धुरळा उडवत गेली. मागच्या काचेतून म्हाताऱ्याचा हात वर आलेला दिसला, निरोपाचा की नुसता आधाराला धरलेला, ते कळलं नाही.

जनार्दनने हेल्मेट घातलं. परतीची नेहमीची वाट वादीतून सरळ होती. त्याने गाडी खजुरीच्या बागांकडे वळवली. फलजच्या, डोंगरातून पाणी आणणाऱ्या जुन्या पाटाच्या कडेने, गावाच्या मागून, टेकडीला वळसा घालून जाणारी ती वाट त्याने गेल्या कित्येक फेऱ्यांत वापरली नव्हती. पाहुण्यांना घाई असते. मागून स्वरूपने हॉर्न वाजवून विचारलं, ही कुठली वाट?

"ही सावलेची," जनार्दन मान न वळवता ओरडला. "वायच लांब पडता."

आणि अंगठ्याचा दाब आणखी थोडा कमी केला.