छत्तीस आणि त्रेसष्ट

आमची आत्या छापखान्यात मुद्रितं तपासायची. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. आमच्या घरात हे काम बाकी सगळे फुकट करत.

थोरल्या भावाला आलेलं प्रेमपत्र एकदा तिच्या हाती लागलं. आता महाभारत घडणार म्हणून आम्ही दाराआड उभे. आत्यानं लाल शाईनं अकरा चुका दुरुस्त केल्या आणि पत्र त्याला परत दिलं. “मुलगी चांगली दिसते. ऱ्हस्वदीर्घाकडे लक्ष दे म्हणावं.”

अशा या बाईनं वयाच्या छत्तिसाव्या वर्षी स्पोर्ट्स कार घेतली.

कंपनीनं तसल्या दोनशेच गाड्या काढल्या होत्या. आजोबांची जागा विकली गेली, त्यातला आपला वाटा आत्यानं सरळ त्या गाडीत घातला. रंग लाल, अर्थातच. उंची इतकी कमी, की शेजारचं कुत्रं वरून आत डोकावायचं. स्टिअरिंगच्या बाजूला पितळी पट्टी होती. तिच्यावर कोरलेलं: ‘२०० पैकी ६३’. ती पट्टी आत्या रोज पदराच्या टोकानं पुसायची.

“ताई, एवढ्या पैशांत अख्खं घर मावेल अशी गाडी आली असती,” बाबा म्हणाले. “हिला सीटा दोनच!”

“म्हणून तर ही घेतली,” आत्या म्हणाली.

दुसऱ्या सीटसाठी दर रविवारी आम्हा भाचरांची हाणामारी व्हायची. माझा नंबर पाच रविवारांतून एकदा. आत बसलं की चामड्याचा आणि आत्याच्या हातांना चिकटलेल्या छापखान्याच्या शाईचा वास यायचा. अजून कुठं ताजं छापलेलं पुस्तक उघडलं, की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधतो.

गाडीबरोबर आलेली माहितीपुस्तिका आत्यानं किल्ली फिरवायच्या आधी वाचून काढली. चुका एक्केचाळीस. ‘गाडी वळवताना’च्या जागी ‘गाडी वाळवताना’ छापलं होतं. “वाळवू कुठं? दोरीवर?” असं समासात लिहून तिनं पुस्तिका कंपनीला परत धाडली. कंपनीचं आभाराचं पत्र आलं, तेही भल्यामोठ्या टायपात. मग दर वर्षी पत्र येऊ लागलं: ‘आदरणीय बाई, गाडी सावकाश चालवावी. उतरताना कुणाचा तरी हात धरावा. थंडीत बाहेर पडणे टाळावे.’

“गाडीची कंपनी आहे की दवाखाना?” बाबा विचारायचे.

“याला संस्कार म्हणतात. आणि टाईप बघ! या टायपात आम्ही पुस्तकाचं नाव छापतो. मान आहे हा.”

अशी सत्तावीस वर्षं गेली. आत्या निवृत्त झाली, आम्ही पोटं सुटलेले बाप झालो. आणि एक दिवस गाडी चढावर कण्हली आणि थांबली.

“बाई, तिसरा गिअर गेला,” मिस्त्री म्हणाला. “दातच राहिले नाहीत.”

“माझेही पडलेत. मी चालते की!”

“तुम्हाला कवळी मिळते. हिची कवळी फक्त कंपनीकडे. आणि कंपनी या महिनाअखेरीला जुन्या भागांचं कोठार रिकामं करतेय. तोवर नाही आला, तर गाडी भंगारात.”

आत्यानं त्याच दिवशी पत्र टाकलं. उत्तर आलं: शिल्लक भाग फक्त नोंद असलेल्या गाड्यांना मिळतील, क्रमांक ६३ची गाडी विकल्याची नोंद आमच्याकडे नाही.

“नोंद नाही? मग सत्तावीस वर्षं मी काय केरसुणीवर बसून फिरले?”

त्या दिवसापासून आत्याचा आणि कंपनीचा छत्तीसचा आकडा. तिनं लागोपाठ तीन पत्रं लिहिली. तिसऱ्यात तर लाल शाईनं: ‘चूक आपल्या नोंदवहीत आहे. सापडत नसल्यास मला बोलवावे, मी काढून देते.’

महिना संपायला आठ दिवस उरले असताना जाड पाकीट आलं. मी समोरच होतो. आत चिठ्ठी होती, की आपल्या नावे क्रमांक ३६ची नोंद आहे, सोबत आपला गाडी घेतानाचा मूळ अर्ज पाहावा. अर्ज आत्याच्याच मोत्यासारख्या अक्षरात होता. वय: ६३. गाडी क्रमांक: ३६.

आत्यानं दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “चूक माझी आहे.”

हे वाक्य मी तिच्या तोंडून जन्मात एकदाच ऐकलं.

“म्हणजे कंपनीच्या हिशोबानं तू आता...”

“नव्वद,” ती म्हणाली. आणि दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला: तो टाईप, तो हात धरणं, ती थंडी! आम्ही पोट धरून हसलो. आत्या हसता हसता डोळे पुसत होती. त्यात हसण्याचं पाणी किती आणि गाडीचं किती, ते मी विचारलं नाही. खऱ्या छत्तीस नंबरवाल्याचीही नोंद असणारच. कंपनीच्या वहीत इतकी वर्षं दोन छत्तीस एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

तिनं लाल पेन काढलं, दोन आकड्यांना वेढणारी अदलाबदलीची खूण केली आणि खाली ‘क्षमस्व’ लिहिलं. मग नवा अर्ज भरला. वय: ६३. गाडी क्रमांक: ६३.

“या खेपेला उलटसुलट झालं तरी बिघडत नाही,” म्हणाली, तरी तीनदा तपासलाच.

महिना संपायला दोन दिवस असताना गिअर आला. मिस्त्रीनं तो बसवला, गाडी गुरगुरली. आत्या चाकामागे बसली आणि गिअरसोबत आलेलं पत्र तिनं उघडलं. चष्मा लावला, काढला, पत्र हातभर लांब धरलं.

“मेल्यांनी टाईप बारीक केला! आत्ता कुठं मोठा हवा होता! वाच रे.”

मी वाचलं. “गिअर पाठवलाय म्हणतात. बाकी काही नाही.”

“सावकाश चालवा?”

“नाही लिहिलेलं.”

“मग बस,” आत्या म्हणाली. “आणि दार नीट लाव.”