बर्फाने सुटलेली वाटी

मिस्त्रीणबाईंना बंद वस्तू दिसली की आत काय आहे ते बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. लहानपणी वडिलांचं घड्याळ उघडलं म्हणून धपाटे खाल्ले. लग्नानंतर सासूबाईंचं शिलाई मशीन उघडलं, पण ते आधीपेक्षा हलकं चालायला लागलं म्हणून निभावलं. पुढे त्यांनी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, त्याला आता बत्तीस वर्षं झाली होती.

एवढ्या वर्षांत कार्बनची सायकल मात्र त्यांच्या हाती कधी आली नव्हती. ती आणली एका नर्सबाईंनी, सकाळची ड्यूटी संपवून, थेट गणवेशातच.

"ताई, हँडल वळवलं की करकरतं. मोठ्या दुकानात म्हणाले, वाटी अडकलीय, काढायला गेलो तर फ्रेम तडकेल. नवीच घ्या."

"त्यांनी काढून बघितली?"

"नाही."

"मग त्यांना काय कळलं? ठेवून जा. बघते."

हँडलखालच्या आखूड नळीत वर एक, खाली एक अशा अल्युमिनियमच्या दोन वाट्या घट्ट बसवलेल्या असतात. बेअरिंग त्यांत फिरतं. वरची वाटी दोन टोल्यांत निघाली. खालची ढिम्म हलेना. बाईंनी तेल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं, मग नेहमीचा लोखंडी ठोसा, म्हणजे ठोकायची जाड सळई, आत घालून हलकेच ठोकलं. तिसऱ्या टोल्याला आवाज बदलला. टण्‌ऐवजी बद्द. बाईंनी हातोडी झटकन खाली ठेवली. बॅटरी लावून पाहिलं, तडा नव्हता. पण ठोशाचा भार एकाच बाजूला पडत होता आणि वाटी किंचित तिरकी झाली होती. आणखी दोन टोले, की नळी फाटलीच असती.

जेवताना त्या ताटातली वाटी नुसतीच गोल फिरवत होत्या. यजमान शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. त्यांनी विचारलं, "काय गं, कुठे हरवलीस?"

"अहो, वाटी निघत नाहीये. लोखंडी सायकल असती तर गॅसवर तापवली असती."

"कार्बनचे धागे चिकटवलेत कशाने? डिंकासारख्याच कशाने तरी ना? तो मऊ पडेल. आणि वाटी आहे आत. ती तापली की फुगून अजून घट्ट बसेल."

बाईंचा घास हातातच राहिला. "आणि गार केली तर?"

"अल्युमिनियम आकसेल. कार्बन फारसा हलणार नाही."

"मग इतका वेळ बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कधी?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेथवाल्याकडून पितळेची चकती कातून आणली. वरच्या रिकाम्या तोंडातून ती आत गेली आणि खालच्या वाटीच्या कडेवर चहूबाजूंनी सारखी टेकली. फ्रेम शिकंज्यात आवळायची सोय नव्हती, पातळ नळ्या चेपल्या असत्या. म्हणून नर्सबाईंनाच बोलावून घेतलं.

"मी जुन्या गादीवर आडवी ठेवते. तुम्ही नुसती धरा, दाबू नका."

"धरायचं काम रोजचंच आहे. पेशंट तर लाथाही मारतात," म्हणत नर्सबाईंनी पर्समधून रबरी हातमोजा काढला. "बर्फ यात भरू या?"

बाईंनी आणून ठेवलेला बर्फ लगेच चुरायला घेतला. मोज्याची बोटं चुरलेल्या बर्फाने टम्म फुगली, वाटीत नीट जाऊन बसली. वीस मिनिटं वाटी गार होऊ दिली. मग बाईंनी मोजा ओढून काढला, चकतीवर लाकडी दांडा टेकवला आणि रबरी हातोडीने टकटक सुरू केली. पाच. सहा. बोट लावून पाहिलं. पुन्हा बर्फ, पुन्हा टकटक.

"ताई, काहीतरी हललं!"

"तुमच्या हाताला जाणवलं ना? मलाही जाणवलं."

अकराव्या टोल्याला वाटी गादीवर पडली. तिच्या अंगावर पांढरी भुकटी साचली होती. घामातल्या खाऱ्या पाण्याने अल्युमिनियम खाल्लं जातं, कार्बनला टेकलेलं असलं की जास्तच, असं यजमानांनी संध्याकाळी सांगितलं. बाईंनी नळी आतून पुसली, कडेने नखाने वाजवत गोल फिरल्या. सगळीकडे एकच खणखणीत आवाज. नव्या वाट्या ग्रीस लावून, दाबयंत्राने हळूहळू सरळ बसवल्या. नर्सबाई समोरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना हँडल वळवत, चक्कर मारून हसत आल्या.

"ताई, काही हवं असेल तर सांगा."

"तुमच्या ओळखीत कुणाची मोडलेली कार्बनची फ्रेम आहे?"

आठवड्याने तशी एक फ्रेम आली. तोंडाला फडकं बांधून, पाणी सोडत सोडत बाईंनी नळी करवतीने आडवी कापली आणि भिंग घेऊन दारातल्या उजेडात बसल्या. काळे थर कागदाच्या गठ्ठ्यासारखे दिसत होते. सात मोजले, पुन्हा मोजले तेव्हा आठ भरले. मग त्यांनी यजमानांना हाक मारली, "अहो, जरा तुमचा चष्मा घेऊन या बरं."