मान दुखते की काळीज?

डाव्या छातीत पहिल्यांदा कळ आली तेव्हा मी वसमतच्या माझ्या दुकानात ब्लाउजची बाही जोडत होतो. कळ दंडातून करंगळीपर्यंत उतरली, काळीज धडधडू लागलं. आमचे वडील अशाच कळेने बसस्टँडवर बसल्या जागी गेले होते. मी मशीन सोडून घर गाठलं आणि बायकोला म्हणालो, "माझा नंबर लागला."

नांदेडच्या डॉक्टरांनी छातीच्या सगळ्या तपासण्या केल्या. हृदय ठणठणीत निघालं. मग मानेचा एमआरआय झाला. तीस वर्षं मशीनवर वाकून मणक्यातली गादी सरकली होती, तिने शीर दाबली होती आणि छातीतली कळ तिथूनच येत होती म्हणे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

"न्हाव्याकडे कटिंगनंतर मान मोडून घेता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दर वेळी. दोन्हीकडून कडकड वाजेपर्यंत."

"ते आधी बंद करा."

इथे माझा संशय पक्का झाला. ज्या न्हाव्याच्या हाताने मला वीस वर्षं आराम पडला, त्याच्यावर हा माणूस आळ घेतोय, म्हणजे नक्की काहीतरी झाकतोय. वर मला बाहेर बसवून त्यांनी बायकोला आत थांबवून घेतलं.

मी पट्टा बांधला, व्यायाम केले, मान मोडणं सोडलं. विश्वास मात्र ठेवला नाही. परभणीहून मुलीचा रोज फोन यायचा. मी दिसलो की बायको "ठेवते" म्हणायची. "खरं काय ते सांग," मी म्हणायचो. "मानेचंच हाय," ती म्हणायची. मला ते पाठ केलेलं वाटायचं.

एका दुपारी मी झोपेचं सोंग घेतलं. दोघी काय बोलतात ते ऐकायचं होतं. फोन काही आला नाही. बायको हळूच जवळ आली आणि तिने माझ्या नाकाखाली बोट धरलं. मी तिचा हात पकडला.

"सापडलीस! डॉक्टरनं आत काय सांगितलं?"

"न्हाव्याकडं जाऊ देऊ नका, एवढंच."

"मग श्वास काहून बघून राहिलीस?"

तिचे डोळे भरले. "महिनाभर तुमी रोज खोटं, खोटं म्हणून राहिले. मला डॉक्टरचं बराबर पटलं होतं. आता न्हाई पटत. तुमी झोपले की रोज बघते."

मला स्वतःची लाज वाटली. माझी कळ पंधरा दिवसांपूर्वीच थांबली होती. मी ते तिला सांगितलंच नव्हतं.