एक दिवसाआड पाणी
नळाच्या पाण्याला क्लोरिनचा उग्र वास आला, की निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात झालेली पाणीकपातीची बैठक आठवून डोकं तापतं. पाणीपुरवठ्याचे अभियंता समजावत होते, “रोज सोडलं तर दाब पुरत नाही, टोकाच्या वस्तीला पाणी पोचत नाही. एक दिवसाआड सोडलं, तर सगळ्यांना मिळेल.” टोकाची वस्ती म्हणजे आम्ही, म्हणून आईनं लगेच होकार दिला. पहिल्याच पाळीला आमचा नळ नुसता फुसफुसला. मी तणतणत अलीकडच्या सोसायटीत गेले, तर तिथे पाण्याच्या लाइनलाच पंप लावलेला आणि एक गृहस्थ पाइपनं गाडी धूत होते. मी पंपाचं बटण बंद केलं. “अहो, आम्हीही कपात सोसतोय!” ते ओरडले. “सोसताय? आमच्याकडे भात टाकायला पाणी नाहीये!” मी पाठ फिरवताच पंप पुन्हा घरघरला. भांडून पाणी येत नाही, असं आई अजून म्हणते. समजूतदारपणानं तरी कुठे आलं?