साळुंके सरांच्या पेटीतली एक चिठ्ठी

“काय आणलंस?”

आठवीत असताना दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली मी फाल्गुनात केजच्या शाळेत परतले, तेव्हा धोंडीराम साळुंके सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. बाकीचे विचारत, “होतीस कुठं?” उत्तर त्यांना ठाऊक असे.

सर इंग्रजी शिकवत. ‘सेट’ या एकाच शब्दाचे अर्थ जमवण्याचा त्यांना नाद होता. शब्दकोशातला अर्थ चालत नसे. स्वतः पाहिलेलं सांगावं लागे. सर ते जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहीत आणि खाली नाव घालत. लागलेलं दही, घट्ट झालेलं सिमेंट, बालाघाटाआड मावळलेला सूर्य, सगळं एका पत्र्याच्या पेटीत. सर सांगत, हे मुळात दोन शब्द. ‘बसवणे’ हा जुन्या इंग्रजीतला. ‘संच’ हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. एका घरात राहून दोघं सारखे दिसू लागले.

मी सांगितलं, “फडात आईचा हात मोडला. वैदूनं हाड बसवलं.”

सरांनी चिठ्ठी लिहिली. खाली नाव घातलं, गयाबाई.

“सर, आणलं तर मी.”

“हात कुणाचा मोडला?”

त्या उन्हाळ्यात रोज सकाळी घरी बोलावून सरांनी माझा बुडालेला अभ्यास भरून काढला. एकदा आई मला न्यायला आली.

“गुरुजी, माजं नाव कावून लिवलं? मी तर नुसती वरडले.”

“तुम्ही ओरडलात, म्हणून तर पोरीच्या ध्यानात राहिलं.”

आई लई हसली. मग विचारलं, “ह्यात मी कुठं हाय?” सरांनी दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

आज मी परळीत इंग्रजी शिकवते. वर्गात कुणी उशिरा परतलं की सरांचाच प्रश्न विचारते.

सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांचे डोळे आणि गुडघे शंभरीपर्यंत साथ देवोत, पेटीत भर पडत राहो.

यंदा आई गेली. तिचं नाव रेशनकार्डावर आहे, पण तिथं तिनं कधी बोट फिरवलं नाही. पेटीतली एकही चिठ्ठी सरांनी स्वतःच्या मुलालाही दिलेली नाही. “एक काढली तर शब्द तेवढा कमी होतो,” असं ते म्हणतात.

सर, तुम्ही नाहीच म्हणाल. तरी मागते. गयाबाईची चिठ्ठी मला द्या.